रोखेबाजारांतला रिकार्डो

डेव्हिड रिकार्डो म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें खंडाच्या सिद्धांताचा रुक्ष कर्ता उभा राहतो. या गृहस्थानें कोणत्याहि विद्यापीठाचें तोंड पाहिलें नव्हतें आणि लंडनच्या रोखेबाजारांत त्यानें अमाप धन मिळविलें होतें, हें पाठ्यपुस्तकें सहसा सांगत नाहींत.

त्याचा जन्म १७७२ सालीं लंडनमधील एका यहुदी कुटुंबांत झाला. बाप अॅम्स्टरडॅमहून आलेला, रोख्यांचा दलाल. चौदाव्या वर्षीं मुलगा त्याच धंद्यांत शिरला. १७९३ मध्यें त्यानें एका क्वेकर मुलीशीं लग्न केलें आणि घरचे संबंध तुटले. भांडवल जेमतेमच होतें. पण बाजारांतल्या जाणत्या मंडळींनीं विश्वास टाकून त्याला उभें केलें. पुढें नेपोलियनशीं चाललेल्या युद्धासाठीं सरकार जीं कर्जें काढी, तीं एकदम उचलणाऱ्या मक्तेदारांत तो गणला जाऊं लागला. वॉटर्लूच्या लढाईपूर्वीं अवघे चार दिवस, १४ जून १८१५ रोजीं, असें ३ कोटी ६० लाख पौंडांचें कर्ज निघालें. आपला मित्र माल्थस यालाहि रिकार्डोनें त्यांत लहानसा हिस्सा दिला होता. माल्थस घाबरला आणि अल्प नफ्यावर विकून मोकळा झाला. रिकार्डो थांबला, आणि विजयाच्या वार्तेबरोबर भाव चढले. मानवजातीच्या भवितव्याविषयीं निःशंकपणें लिहिणारा पंडित चार दिवसांच्या भवितव्यापुढें डगमगावा, याची मला नेहमीं गंमत वाटते.

अॅडम स्मिथचा ग्रंथ रिकार्डोच्या हातीं पडला तो १७९९ मध्यें, बाथ येथें. दहा वर्षांनीं त्यानें सोन्याच्या भावावर वृत्तपत्रांत लेख लिहिला. नोटांच्या मोबदल्यांत सोनें देण्याचें बंधन बँक ऑफ इंग्लंडवरून १७९७ सालींच उठलें होतें, आणि सोनें महागत चाललें होतें. रिकार्डोचें म्हणणें असें कीं, सोनें महागलेलें नाहीं, नोटांचा सुकाळ होऊन नोटच स्वस्त झाली आहे. १८१० मध्यें पार्लमेंटच्या समितीनें हाच निष्कर्ष काढला, पुढील वर्षीं सभागृहानें तो फेटाळला, आणि १८१९ सालीं सोन्याकडे परतण्याचा कायदा झाला. त्याच वर्षीं रिकार्डो पार्लमेंटांत बसला. मात्र ती जागा विचारबळावर मिळाली असें कोणी समजूं नये. तो आयर्लंडमधला पैशानें लाभणारा मतदारसंघ होता.

तरीहि त्याच्या निःस्पृहतेविषयीं संशय घ्यावा असें मला वाटत नाहीं. ज्या बँकेवर त्यानें टीका केली तिचा तो स्वतः भागीदार होता. १८१४ मध्यें त्यानें ग्लॉस्टरशरमध्यें गॅटकम पार्क ही मिळकत घेतली, आणि पुढच्याच वर्षीं धान्याच्या आयातीवरील निर्बंधांविरुद्ध लिहून जमीनदाराचें हित इतर सर्वांच्या हिताशीं विरोधी असतें असें प्रतिपादिलें. जमीनदार होऊन जमीनदारीविरुद्ध लेखणी चालविणारे किती निघतील?

१८१७ च्या ग्रंथांत त्यानें खंडाची उपपत्ति पूर्ण मांडली. लोकसंख्या वाढली कीं हलकी जमीन लागवडीस येते; तिच्या मानानें चांगली जमीन जें अधिक देते, तो खंड. तो करानें घेतला तरी शेतकऱ्याचा नफा बुडत नाहीं, धान्यहि महागत नाहीं. रिकार्डो १८२३ मध्यें वारला. पण ही उपपत्ति हेलिबरीच्या कंपनीच्या कॉलेजांतून, जेथें माल्थसच शिकवीत असे, पुणें जिल्ह्यांत पोंचली. तेथील शिष्य प्रिंगल यानें शेतांच्या उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा घालून बाकीच्या शेंकडा ५५ इतका सारा बसविला. १८३० मध्यें तो अमलांत आला. कागदावर न्याय बिनचूक होता. परंतु खर्चाचे आंकडे पुष्कळदां हाताखालच्या नोकरांच्या चुकींतून अगर लबाडींतून आलेले. आणि नफा न सुटल्यास दुसऱ्या धंद्यांत भांडवल घालणारा इंग्रज कूळवाला तो कोठला, येथें एकच बैलजोडी असलेला कुणबी! बाजारांत उभें राहून भाव ओळखणाऱ्या रिकार्डोनें असले आंकडे क्षणभर तरी विश्वासले असते काय? गांवें ओस पडलीं, जमिनी पडीक राहिल्या. इंदापूर तालुक्यांत तीं शेतें पुन्हां नांगराखालीं येण्यासाठीं १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांना निव्वळ उत्पन्नाचें गणित बाजूस ठेवून जमिनीची प्रत पाहून हलका सारा बसवावा लागला.