डाळिंबाचा रस, गुग्गुळ आणि कोलेस्टेरॉलची गोळी

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब हे घरचेच फळ. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात त्याच्या बागा आहेत, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे आणि २०१६ मध्ये 'सोलापूर डाळिंबा'ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातली गोळी घेणाऱ्यांनी डाळिंबाचा रस टाळावा, हा सल्ला कानावर आला की इथे काळजी वाटणे साहजिक आहे.

या भीतीचे मूळ ग्रेपफ्रूट या फळात आहे. आतड्यातले सीवायपी३ए४ हे विकर सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा काही भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडते. ग्रेपफ्रूटचा रस हे विकर निकामी करतो. मग तेवढ्याच गोळीतून रक्तात जास्त औषध उतरते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. क्वचित स्नायू इतके झिजतात की मूत्रपिंडेही अडचणीत येतात.

प्रयोगशाळेत डाळिंबाच्या रसानेही हे विकर अडवले. माणसांत मात्र तसे दिसले नाही. याच विकराने मोडणारे मिडाझोलाम हे औषध निरोगी स्वयंसेवकांना रसासोबत देऊन पाहिले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधाच्या पातळीत लक्षणीय फरक पडला नाही. २००६ मध्ये नोंदलेला एक रुग्ण नेहमी पुढे केला जातो. तो रोसुव्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब घेत होता, रस सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्याचे स्नायू झिजले. पण त्याला स्नायूंचा त्रास आधीपासून असण्याची शक्यता होती, आणि रोसुव्हास्टॅटिन मुख्यतः या विकराने मोडतच नाही. एवढ्यावरून फळ किंवा वाटीभर दाणे बंद करण्याचे कारण दिसत नाही. सालीची पूड किंवा अर्काच्या कॅप्सूल यांना मात्र रसावरचा अभ्यास लागू होत नाही.

खरी सावधगिरी गुग्गुळाबाबत हवी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट थोडे वाढले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. त्याआधी, १९९४ च्या एका भारतीय अभ्यासात डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या औषधांची रक्तातली पातळी गुग्गुळामुळे घटली होती. स्टॅटिन घेणाऱ्या अनेकांना रक्तदाबाची औषधेही चालू असतात, म्हणून हे महत्त्वाचे.

लाल यीस्टचा तांदूळ 'नैसर्गिक' म्हणून विकला जातो, पण त्यातले मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. गोळीसोबत तो घेणे म्हणजे दोन स्टॅटिन एकत्र घेणे.

कारण नसताना स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घोटाळा इथेच होतो. स्टॅटिनमुळे आलेली अंगदुखी वाताची समजून योगराज गुग्गुळ सुरू केला जाऊ शकतो, आणि तो 'सांध्यांसाठी' असल्याने डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना आठवतही नाही.