घरगुती संगणकाची वाणी आणि मराठी वर्णोच्चार

यंत्राला बोलते करण्याच्या इतिहासात घरगुती संगणकांचे प्रकरण बहुधा करमणुकीच्या सदरात घातले जाते. ही उपेक्षा योग्य नव्हे. आज मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या एका प्रचलित आज्ञावलीचे मूळ अशाच लहान यंत्रात सापडते.

1982 साली अमेरिकेत ‘सॅम’ ही आज्ञावली विक्रीस आली. तिचा कर्ता मार्क बार्टन. अ‍ॅटारी व कमोडोर 64 या संगणकांवर ती कोणत्याही जादा उपकरणाविना बोलत असे; अ‍ॅपल 2 साठी मात्र सोबत एक लहानसे विद्युत्‌फलक द्यावे लागे. तीत मानवी आवाजातील शब्दांचा संग्रह नव्हता. प्रत्येक वर्णासाठी मुखपोकळीतील अनुनादांची कोष्टके साठविलेली होती आणि त्यांवरून ध्वनी त्या त्या क्षणी घडविला जाई. अ‍ॅटारीवर हे गणित इतके जड होई की, उच्चार स्वच्छ यावा म्हणून बोलताना पडद्यावरील चित्र बंद ठेवावे लागे.

तथापि ही कोष्टके इंग्रजी वर्णांची होती. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात लोटे नावाचे गाव आहे. हे दोन अक्षरी नाव ‘सॅम’कडून वदवावयाचे झाल्यास ‘ट’च्या जागी इंग्रजी ‘टी’चा वर्त्स्य उच्चार येणार, ‘लोटे’ आणि ‘लोते’ यांतील भेद दाखविण्याचे साधनच तीत नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचीही तीच गत. म्हणजे उणीव यंत्राच्या शक्तीत नसून त्याला पुरविलेल्या वर्णमालेत होती.

भारतात या विषयाचा विचार त्यापूर्वीच सुरू झाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राव व ठोसर यांचा वाणीसंश्लेषणाच्या अभ्यासासाठी रचलेल्या आज्ञाप्रणालीवरील निबंध 1974 मधील आहे. पुढे 1984–85 पासून ‘क्लास’ योजनेद्वारे भारतीय शाळांत एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच संगणकासाठी 1985 मध्ये इंग्लंडात ‘स्पीच!’ ही बोलणारी आज्ञावली निघाली; पण तिचीही भाषा इंग्रजीच.

निर्णायक वळण 1995 मध्ये आले. एकॉर्नच्याच नंतरच्या संगणकांसाठी जोनाथन डडिंग्टन यांनी ‘स्पीक’ लिहिण्यास आरंभ केला. स्मृतीच्या टंचाईमुळे ध्वनी साठविण्याऐवजी नियमांनी घडविणे त्यांना भाग पडले. पुढे तिचेच ‘ईस्पीक’ झाले. येथे नियम मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या धारिकांत ठेवलेले असल्याने, ध्वनिमुद्रणाचा मोठा खर्च न करता नवी भाषा जोडता येते. मराठीचा समावेश अशाच रीतीने झाला. 2006 साली सुरू झालेल्या ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य पडदावाचकात हीच वाणी अंतर्भूत असते. अंध विद्यार्थ्याला संगणकावरील मराठी मजकूर स्वतः वाचता येणे, हे त्याचे प्रत्यक्ष फलित होय.

तरीही एक प्रश्न उरतो. ‘करवत’ लिहिताना ‘र’ पूर्ण असतो, उच्चारताना त्यातील अकार लोपतो. हे नियमात बसविता येईल. परंतु ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांतील ‘ज’चे दोन उच्चार लिपी वेगळे दाखवीत नाही. तेथे अर्थच निर्णय देतो, आणि अर्थ वर्णांच्या कोष्टकात मावत नाही. लहान यंत्रांच्या मर्यादेने मराठीला स्वस्त वाणी मिळवून दिली. त्या वाणीला शुद्ध उच्चार देण्याचे कार्य मात्र मराठीच्या ध्वनिविचाराकडे, म्हणजे आपल्याकडेच येते.