अलिखित कायद्याचें अरण्य



शाळामास्तर म्हणून मीं पुष्कळ वर्षें मुलांस भूगोल शिकविला. बोर्निओ बेटाचा धडा आला कीं, "तेथें डायाक नांवाचे रानटी लोक राहतात, ते शत्रूंचीं शिरें कापतात आणि जंगलें जाळून शेती करितात," एवढें सांगून मी पान उलटीत असें. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां त्या एका वाक्यांत किती चुका भरल्या होत्या हें ध्यानांत आलें. आजचें भाषण ही त्या चुकांची दुरुस्ती समजावी.

बोर्निओ हें जगांतील तिसऱ्या क्रमांकाचें बेट. इंडोनेशिया, मलेशिया व ब्रुनेई या तीन राज्यांत तें वांटलें गेलें आहे. डायाक ही कांहीं एक जमात नव्हे. इबान, केन्याह, कायान, बिदायुह अशा अनेक जमातींचें तें समान नांव आहे. शिरें कापण्याची चाल पूर्वीं होती, हें खरें. परंतु १८९४ सालीं तुंबांग आनोई येथें निरनिराळ्या जमातींचे प्रमुख एकत्र जमले आणि त्यांनीं ती बंद करण्याचें ठरविलें.

या बेटावरील लेखनाचा इतिहास फार जुना आहे. पूर्व भागांतील कुताई येथें मूलवर्मा राजाचे संस्कृत यूपलेख सांपडले असून ते इ. स. ४०० च्या सुमाराचे मानितात. राजानें ब्राह्मणांस गाईंचें दान दिलें, ही हकीकत त्या दगडावर आजहि वाचतां येते. अरण्यांतील डायाकांनीं मात्र आपला कायदा दगडावर कोरला नाहीं. तो वडीलधाऱ्यांच्या मुखीं राहिला. त्यास 'आदात' म्हणतात. शब्द मूळचा अरबी; आपल्या कानांवर येणारी हिंदुस्थानी 'आदत' त्याचीच बहीण. परंतु डायाकांचा आदात म्हणजे नुसती संवय नव्हे. तो मोडणारास दंड भरावा लागतो.

हा कायदा चालतो कसा, तें पाहूं. पश्चिम कालिमांतान प्रांतांत सुंगाई उतिक नांवाचें इबान लोकांचें गांव आहे. तेथें एका लांबच लांब घरांत अनेक कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात. त्यांनीं आपल्या रानाचे तीन भाग मानिले आहेत. पहिल्या भागांत झाड तोडावयाचें नाहीं व शेतीहि करावयाची नाहीं. कारण तेथें पाण्याचे उगम आहेत आणि वन्य प्राण्यांची वीण तेथेंच होते. दुसरा भाग राखीव. औषधी वनस्पती, जळाऊ लांकूड, होडीपुरतें लांकूड एवढेंच तेथून न्यावयाचें. तिसऱ्या भागांतून घरबांधणीसाठीं लांकूड मिळतें, तेंहि नियमानें. उंच तापांग वृक्षावर मधमाश्या पोळीं बांधतात, म्हणून तो वृक्ष तोडणें इबान लोकांत दंडास पात्र ठरतें. केन्याह लोकांतहि 'ताना उलेन' म्हणून राखून ठेविलेलीं रानें आहेत. तीं पूर्वीं सरदार घराण्याच्या ताब्यांत असत, पुढें तीं गांवाकडे आलीं.

आतां रान जाळण्याविषयीं. डायाक शेतकरी रानाचा एक तुकडा तोडून जाळतो, एकदोन वर्षें भात पिकवितो आणि मग ती जमीन अनेक वर्षें पडीत टाकितो. त्या अवधींत झाडें पुनः उभीं राहतात. आग लावण्यापूर्वीं कडेचा पालापाचोळा साफ करितात, वाऱ्याचा रोख पाहतात, शेजारी मदतीस येतात. आग दुसऱ्याच्या बागेंत गेली तर भरपाई द्यावी लागते. जुन्या वस्तीच्या जागीं दुरियान, तेंकावांग अशीं फळझाडें लावून केलेल्या राया पिढ्यान् पिढ्या टिकतात.

श्रोत्यांस येथें आपली देवराई आठवेल. ती देवाच्या धाकानें राहिली. इबान लोकांतहि असा धाक आहे. सात पक्ष्यांचे शकुन ते मानितात आणि कौल प्रतिकूल आला तर हातचें काम थांबवितात. परंतु देवराईंतील काडीहि सहसा कोणी उचलीत नाहीं. डायाकांच्या रानावर तर सारें गांव जगतें. वापर आणि राखण हीं दोन्ही त्यांनीं एकाच हातीं ठेविलीं.

नेमकें हेंच परक्या राज्यकर्त्यांस दिसलें नाहीं. ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाहीं ती सरकारची, हें तत्त्व डच सरकारनें १८७० पासून आपल्या वसाहतींतील कायद्यांत आणिलें. लेखी पुरावा नाहीं, म्हणून धनीहि नाहीं! पुढें इंडोनेशिया स्वतंत्र झाला, तरी १९६७ च्या वनकायद्यानें रानांवर सरकारचीच सत्ता ठेविली, आणि लांकूड कंपन्यांस मोठमोठे मक्ते मिळाले. १९९९ च्या कायद्यानें परंपरागत रानांचें नांव घेतलें, पण तींहि सरकारी रानांतच धरलीं. अखेर १६ मे २०१३ रोजीं तेथील घटना न्यायालयानें निकाल दिला कीं, परंपरागत रानें हीं सरकारी रानें नव्हेत. डिसेंबर २०१६ मध्यें पहिल्या नऊ समाजांस त्यांच्या रानांचे हक्क मिळाले. सुंगाई उतिकच्या सुमारें ९,५०० हेक्टर रानास ही मान्यता २०२० सालीं मिळाली. त्याच्या आदल्या वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर पारितोषिक' त्या गांवास लाभलें होतें.

सर्व डायाक गांवें अशीं भाग्यवान नाहींत. कित्येकांच्या सभोंवतीं तेलमाडाचे मळे पसरले, कित्येकांनीं पैशाच्या गरजेनें जमिनी दिल्या, आणि तरुण मंडळी शहरांकडे जात आहेत. ऐकणारा कान उरला नाहीं, तर मुखांत राहिलेला कायदा मुखांतच विरून जातो. रूढीस हक्काचें बळ लागतें आणि हक्कास रूढीची शिस्त लागते. दोहोंपैकीं एक गेलें कीं रान गेलें.

माझे जुने विद्यार्थी आज कोठें हें भाषण ऐकत असतील, तर त्यांस माझी विनंति आहे. वहींतील तें वाक्य खोडा आणि तेथें लिहा: "बोर्निओंत डायाक नांवाचे लोक राहतात, त्यांचा कायदा लिहिलेला नव्हता, पण तो पाळला जात होता, म्हणून त्यांचीं रानें राहिलीं."