कामगारांच्या पोरांची शाळा

चित्रं, गाणी, विणकाम, नाटक यांच्या अंगाने गणित-भूगोल शिकवणारी शाळा म्हटली की मुंबई-पुण्यातली, पालकांचा खिसा रिकामा करणारी संस्था डोळ्यांपुढे येते. सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावात हा विषय काढला, तर ‘ही श्रीमंतांची हौस, आमच्या पोरांना दहावी पास होऊ द्या’ असं कुणीही सुनावेल. ही समजूत आजच्या फीकडे पाहिलं तर खरी वाटते. इतिहासाकडे पाहिलं तर टिकत नाही. या शाळेचं कूळ शोधत गेलं की ते मजुरांच्या घरात सापडतं. ती त्या घरातून का निसटली, हेही त्याच शोधात कळतं.

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीत, स्टुटगार्टला, वाल्डोर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे मालक एमिल मोल्ट यांनी अध्यात्मवादी विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा घडवायला सांगितलं आणि 7 सप्टेंबर 1919 रोजी ती उघडली. मुलं अडीचशेच्या आसपास होती आणि त्यांतली बहुतेक कारखान्यातल्या माणसांची. त्या काळी तिथे लहानपणीच मुलांची वाटणी होई: थोडी विद्यापीठाच्या वाटेला, बाकीची कामाला. या शाळेने बारा वर्षं सगळ्यांना एकत्र ठेवायचं ठरवलं. मुलगे आणि मुली दोघांनीही सुया हातात घेऊन विणायचं, सकाळच्या मोठ्या तासात एकच विषय काही आठवडे सलग शिकायचा आणि त्याची वही चित्रांसकट स्वतः तयार करायची. कला इथे शोभेला आणलेली नव्हती. कामगाराचा मुलगा आणि व्यवस्थापकाचा मुलगा एकाच बाकावर बसायचे, तर दोघांनाही डोकं आणि हात वापरता आले पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब होता.

आपल्याकडची शाखा स्वतंत्रपणे वाढली. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत हिशेब आणि मोडी-बाळबोध वाचनाबरोबर शेतीची प्राथमिक माहितीही मागितली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची, हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम मांडली गेली. झाकिर हुसेन समितीने तिच्या अभ्यासक्रमात मूलोद्योगासोबत चित्रकला आणि संगीतही घातलं. 1945 मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पाड्यांवरच्या अंगणांत बालवाड्या भरू लागल्या. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला सोडून शाळेत येऊच शकत नव्हती. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली: पोरं जिथे गुरं चारतात, तिथेच शिक्षक जाई. सारंगखेड्याच्याच नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या डोंगरांत, नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली. यांतली एकही शाळा पैसेवाल्यांसाठी निघालेली नाही.

मग हे कूळ मजुरांच्या घरातून गेलं कसं? फी हे कारण आहेच; सरकारी अनुदानाशिवाय चालणारी शाळा पालकांकडूनच पैसे घेणार. पण खरी मेख मधल्या इयत्तांत आहे. स्टुटगार्टची शाळा बारा वर्षांची म्हणूनच जन्मली. नई तालीमही पूर्व-बुनियादीपासून उत्तर-बुनियादीपर्यंत कल्पिलेली होती. पण वरच्या टप्प्याला महाविद्यालयाची वाट मोकळी मिळाली नाही आणि खालचा टप्पा कार्यानुभवाच्या एका तासात आटला. त्यामुळे बालवाडीत गाणी, पाचवीत कागदकाम आणि नववीपासून फक्त गाइड, अशी उतरंड तयार झाली. ज्यांना क्लास परवडतो, त्यांनी दोन्ही मिळवलं. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या वाट्याला अर्धवट कला आणि अर्धवट परीक्षा आली.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप असा, की गरिबाच्या पोराला हस्तकला शिकवणं म्हणजे त्याला बापाच्याच धंद्याला जुंपणं. वर्ध्याच्या परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी मुलांच्या श्रमावर शाळा चालवण्याला विरोध केला होता आणि तो रास्त होता. विकण्यासाठी सूत काढणं आणि समजण्यासाठी सूत काढणं यांत फरक आहे. शाळेने दुसरंच करावं. स्टायनरच्या अध्यात्मातलं बरंच काही विवेकाला पटणारं नाही, हेही कबूल. पण सलग तास, स्वतः केलेली वही आणि इयत्तेबरोबर वर जाणारा शिक्षक यांसाठी ते अध्यात्म पत्करावं लागत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा: आधी दहावी पास होऊ द्या. त्याला उत्तर सारंगखेड्याच्या बाजारातच आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणता गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून दात बघतो: मधली कायमची जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला येते. त्यानंतर दातांवरचे खळगे किती झिजले, यावरून वय ताडतात. चौथीच्या मुलाने या जबड्याचं चित्र पाहून काढलं, तर निरीक्षण आणि अंकगणित एकत्र येतं. आठवीत चाऱ्याने दात का झिजतात हा विज्ञानाचा धडा होतो, अकरावीत जीवशास्त्र आणि बाजारभावाचं अर्थशास्त्र. यातलं काहीही बोर्डाच्या अभ्यासक्रमाबाहेरचं नाही. मॅट्रिकच्या चौकटीतही असं जमतं, हे खानदेशाला नवीन नाही: अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिकवताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडायला सांगतं. ती पहिलीत पाडणं सोपं आहे. शहादा तालुक्यातल्या मजुराच्या मुलीला बारावीतही चित्रवही आणि रसायनशास्त्र एकाच दप्तरात ठेवता आलं पाहिजे, तेही अनुदानित शाळेत. नाहीतर कामगारांच्या पोरांसाठी निघालेली ही शाळा फी भरणाऱ्यांकडेच राहील.