अनवतीर्ण वृषण, विलंबित शस्त्रक्रिया आणि जननक्षमता : एक ऐतिहासिक मागोवा (श्रीरामपूर परिसराच्या संदर्भात)

गर्भावस्थेत मुलाचे वृषण उदरपोकळीत निर्माण होतात आणि सामान्यतः जन्मापूर्वी वृषणकोषात उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांपैकी दोन ते चार मुलांत हे अवतरण अपूर्ण राहते. त्यांपैकी अनेकांचे वृषण पहिल्या सहा महिन्यांत आपोआप उतरतात. वर्षाअखेरीस सुमारे एक टक्का मुलांत दोष उरतो. या मुलांवर शस्त्रक्रिया केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकभरात सतत बदलत गेले.

एडिंबरो येथे थॉमस अॅनंडेल यांनी १८७७ मध्ये अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८९९ मध्ये शिकागोच्या आर्थर बेव्हन यांनी तिची पद्धत निश्चित केली. तंत्र सिद्ध झाले. वय मात्र ठरले नाही. वयात येताना वृषण आपोआप उतरेल, या समजुतीने मुलास थांबवून ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. वस्तुतः १९२९ मध्येच कूपर यांनी सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांतून वयाबरोबर हानी वाढत असल्याचे दाखविले होते. पुढे शिफारशीचे वय उतरत उतरत पहिल्या वर्षापर्यंत आले. अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अठरा महिन्यांची मर्यादा घातली.

विलंबाचे परिणाम लक्षात येत नाहीत, याचे कारण संप्रेरकांत आहे. टेस्टोस्टेरॉन निर्माण करणाऱ्या पेशी शरीराची उष्णता बऱ्याच अंशी सहन करतात; शुक्राणू निर्माण करणाऱ्या पेशी ती सहन करू शकत नाहीत. त्यामुळे दाढीमिशी, आवाज, बांधा सारे यथास्थित असते. रक्तात मात्र एफएसएच वाढलेले आणि इनहिबिन-बी घटलेले आढळू शकते. पिट्सबर्ग येथील ली यांच्या अभ्यासात अपत्यप्राप्तीचे प्रमाण एका बाजूचा दोष असलेल्यांत सुमारे ९० टक्के, तर दोन्ही बाजूंचा दोष असलेल्यांत ६५ टक्के आढळले. सर्वसामान्य पुरुषांत ते ९४ टक्के होते. म्हणजे एका बाजूच्या दोषात भीतीचे कारण अल्प, दोन्ही बाजूंच्या दोषात मात्र पुष्कळ.

दिसण्यात पूर्ण पुरुष असलेल्याच्या घरी पाळणा हलला नाही, तर दोष पत्नीच्या माथी मारला जातो. मराठीत असे विषय उघडपणे मांडणारे र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हाच त्यांचा अपराध! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचा बचाव केला. खटला ते हरले.

बेलापूर रेल्वे स्थानकाभोवती वाढलेल्या श्रीरामपूरच्या परिसरात वैद्यकीय शिक्षण उशिरा पोहोचले. पूर्वी याच तालुक्यात असलेल्या लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये आले. दरम्यानच्या काळात जन्मलेली मुले आज चाळिशी-पंचाहत्तरीत आहेत. अपत्यहीनतेचे कारण त्यांपैकी कितींनी स्वतःत शोधले असेल, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या ३० विकारांच्या मूळ यादीत जन्मजात दोष नऊ होते. अनवतीर्ण वृषण त्यांत नव्हते.