थोरला फ्रिगेट पक्षी

हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण कटिबंधीय भागांत मुख्यतः आढळणारा फ्रिगेटिडी कुलातील समुद्रपक्षी. शास्त्रीय नाव फ्रेगाटा मायनर. लांबी ८५ ते १०५ सेंमी., पंखांचा विस्तार २ मी.हून अधिक, शेपटी खोल दुभंगलेली, चोच लांब व टोकाशी आकड्यासारखी वळलेली. नर काळा असून विणीच्या हंगामात गळ्याची लाल पिशवी फुगवतो. मादीची छाती पांढरी असते. इतर पक्ष्यांच्या तोंडचा घास पळवणारा लुटारू अशी याची ख्याती आहे. ती खोटी नाही, पण फुगवलेली आहे. पोटात मासे भरून बेटाकडे परतणाऱ्या बूबी पक्ष्यावर हा वरून झेपावतो, शेपटी चोचीत पकडून त्याला झटके देतो. घाबरलेला बूबी गिळलेले ओकून टाकतो आणि तो घास पाण्याला लागण्याआधीच हा झेलतो. असा तमाशा घडतो तो विणीच्या बेटांजवळ, म्हणजे जिथे निरीक्षक बसलेले असतात तिथेच. दक्षिण प्रशांत महासागरातील हेंडरसन बेटावरच्या अभ्यासात मात्र लुटीतून गरजेच्या सरासरी ५ टक्केच अन्न मिळते, फार तर ४० टक्के मिळू शकेल, असा अंदाज निघाला.

पिसे पुरेशी जलरोधक नसल्याने हा पक्षी पाण्यात बुडी मारू शकत नाही, तेव्हा लुटीवाचून त्याला गत्यंतर नाही, असे कोणी म्हणेल. पण कुपा (टूना) आणि डॉल्फिन खालून पाठलाग करू लागले की उडणारे मासे हवेत झेपावतात, माकूल पृष्ठभागाशी येतात. ते अंग न भिजवता नुसत्या चोचीने टिपता येतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोझांबिक सामुद्रधुनीतील युरोपा बेटावरचे पक्षी ढगांखालच्या वर चढणाऱ्या हवेचा आधार घेत आठवडेच्या आठवडे समुद्रावर तरंगताना आढळले. एक तरुण पक्षी तर सुमारे दोन महिने उतरला नाही. भर समुद्रात, बूबींच्या वसाहतींपासून इतक्या दूर, लुटीवर पोट भरणे अवघडच. हेंडरसन हे एकच बेट, हा आक्षेप रास्त आहे. इतरत्र प्रमाण वेगळे असू शकते. मग इतक्या थोड्या लाभासाठी लूट टिकली कशी? देहाच्या मानाने पंख प्रचंड असल्याने छोटा पाठलाग त्याला स्वस्तात पडतो, आणि वरकड घास सोडतो कोण? (शेजाऱ्यांच्या घरट्यातील काड्याही तो पळवतो, तिथे चोर म्हणायला हरकत नाही.) त्याचे खरे अवलंबन बूबीपेक्षा कुपा माशांवर अधिक आहे. म्हणून विणीची बेटे राखली, तरी कुपाची बेसुमार मासेमारी त्याच्या पोटावर येऊ शकते.