पळस काळा, केना पांढरा

फाल्गुनात परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की घाट लागायच्या आधीच पळस भेटतो. अंगावर पान नाही, नुसता केशरी भडका. हाच पळस 1860 च्या सुमाराच्या कॅमेऱ्यापुढे आला असता, तर फोटोत त्याची फुलं काळी ठिक्कर उमटली असती. आणि पावसाळ्यात पऱ्हाटीच्या तासांमध्ये माजणारा केना, निंदणाऱ्या बाया ज्याला मुळासकट उपटून धुऱ्यावर फेकतात, त्याचं निळं फूल त्याच फोटोत पांढरं शुभ्र निघालं असतं. रंगीत जग काळ्या-पांढऱ्यात उतरवताना कोणता रंग किती काळा करायचा, हे कुणीतरी ठरवत आलेलं आहे. कधी रसायनाने ठरवलं, कधी काचेच्या फिल्टरने. रानातल्या झाडपाल्याच्या फोटोची कुळकथा म्हणजे या ठरवण्याचीच कथा आहे.

या कुळाच्या मुळाशी कॅमेरा नाही, पान आहे. इंग्लंडमधल्या लॅकॉक गावी विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट या गृहस्थाने 1834 पासून प्रयोग सुरू केले. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. मग त्यावर एखादं पान ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात ठेवून द्यायचं. ऊन लागेल तिथे कागद काळपट होत जातो, पानाखालचा भाग पांढरा राहतो. पातळ भागातून थोडं ऊन झिरपतं, जाड शिरांतून झिरपत नाही. म्हणून फिकट पानावर शिरा आणखी पांढऱ्या उमटतात. हे चित्र पुढे उजेडात काळं पडू नये म्हणून टॉल्बट सुरुवातीला ते कडक मिठाच्या पाण्यातूनच काढत असे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला याचं नवल वाटेल, कारण आपल्याकडे खाऱ्या पाण्याचा अनुभव फक्त जमीन चोपण होण्याचा आहे. टॉल्बटच्या 1844 ते 1846 या काळात भागाभागाने निघालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात एका पानाचं असं चित्र आहे. दरम्यान 1842 मध्ये जॉन हर्शेलने लोहक्षारांची निळी छपाई शोधली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांच्या निळ्या-पांढऱ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. तिथेही कॅमेरा नाहीच. वनस्पतीच का, याचं उत्तर सरळ आहे. पान सपाट असतं, हलत नाही, तासभर उन्हात पडून राहिलं तरी तक्रार करत नाही, आणि माणसाच्या हाताला काढता येणार नाहीत इतक्या शिरा त्याला असतात.

म्हणजे फोटोतलं पहिलं पान पांढरं होतं. कॅमेरा आला आणि ते काळं झालं.

1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनचा प्रकाशसंवेदी थर दिलेली काच आणली. पुढची तीसेक वर्षं जगभर याच काचांवर काम चाललं. आपल्याकडेही उशीर झाला नाही. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, 1855 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले फोटोग्राफर. स्वतः भाऊ दाजींना औषधी वनस्पतींचा ध्यास होता. एकाच घरात कॅमेराही होता आणि वनस्पतींची विद्याही. तरी झाडपाल्याचा अभ्यास त्या काळी फोटोवर उभा राहिला नाही. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ 1918 मध्ये निघाला, तोसुद्धा रेखाचित्रांचाच.

याचं कारण काचेत होतं. त्या काचेला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील उजेड कळायचा. हिरवा, पिवळा, केशरी, लाल हे तिच्या लेखी अंधारच. पानाकडून निळा उजेड जवळजवळ परत येतच नाही, म्हणून झाड म्हणजे नुसता काळा गोळा. आभाळ निळं, म्हणून ते कोरं पांढरं. पाल्याचा तपशील यावा म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवावी, तर आभाळ करपायचं आणि वाऱ्याने पानं हलून सगळं पुसट व्हायचं. जुने फोटो बघताना हे ध्यानात ठेवायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या डोंगरी किल्ल्याचा फोटो पाहून ‘तेव्हा केवढं घनदाट, काळंकुट्ट रान होतं’ असं आपण सहज म्हणून जातो. रान असेलही दाट. पण तो काळेपणा नुसता रानाचा नसून काचेच्या आंधळेपणाचाही असू शकतो. मेळघाटचं जंगल 1866 पासून राखीव होऊ लागलं. त्या काळातलं रान जोखायचं तर फोटोतल्या सावल्यांपेक्षा वनखात्याच्या नोंदी जास्त भरवशाच्या.

हे आंधळेपण घालवलं बर्लिनच्या हर्मन फोगेलने. 1873 मध्ये त्याच्या लक्षात आलं की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर त्या काचेला हिरवा उजेडही जाणवतो. रंगद्रव्य जो उजेड पितं, तोच ते चांदीच्या क्षाराला पोचवतं. आता पुढची गोष्ट. दुसऱ्याच वर्षी, 1874 मध्ये, पॅरिसच्या एदमों बेकेरेलने यासाठी हरितद्रव्य वापरून पाहिलं, आणि काचेला तांबडा उजेडसुद्धा कळू लागला. पानातला रस काचेला लावला तेव्हा काचेला दिसू लागलं! या सगळ्या इतिहासात मला याहून आवडती घटना नाही. हरितद्रव्य पानात जे काम करतं, उजेड पकडून पुढे सोपवायचं, तेच त्याने काचेवर केलं. हरितद्रव्य फार टिकत नाही म्हणून बाजारात दुसरे रंग आले. 1906 मध्ये सगळे रंग कळणारी पॅनक्रोमॅटिक काच विकायला आली आणि पान अखेर करडं झालं.

करडं झालं, पण करड्याचे प्रश्न निराळेच. पळसाचं केशरी आणि सागाचं हिरवं, डोळ्याला दोन टोकं. फिल्मवर मात्र दोन्हींचा करडा जवळपास एकच पडू शकतो. मग फिल्टर लावावा लागतो. भिंगावर लाल फिल्टर चढवला की पळसाची फुलं पांढुरकी होतात आणि मागचं आभाळ काळवंडतं. हिरवा चढवला की पाला उजळतो, फुलं गडद होतात. झाड तेच, दुपार तीच. काळा-पांढरा फोटो म्हणजे रंग वजा केलेला फोटो, असं समजणाऱ्याने एकदा हे दोन फोटो शेजारी ठेवून बघावेत.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समधून 1967 पासून ‘इंदू’ नावाची देशी फिल्म येऊ लागली. फोटो मात्र डार्करूममध्येच होत किंवा बिघडत. डेव्हलपरला 20 अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटीनचा थर फुगतो, सुरकुततो, प्रसंगी सुटून येतो. म्हणून काम रात्री करायचं, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचा. वर पाणी जड असलं की वाळताना निगेटिव्हवर पांढरे डाग. एवढं निभावून फोटो छापायला गेला तर ब्लॉकमध्ये ठिपके. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला साठेक ओळींची जाळी चालायची. तेवढ्यात बाभळीचं पान एका ठिपक्यात गडप व्हायचं.

तरी सांगतो, आपलं रान काळ्या-पांढऱ्यासाठीच घडवल्यासारखं आहे. नरनाळ्याच्या उतारावरची सालई, उन्हाळ्यात अंगावर एक पान न ठेवता उभा राहणारा पांढऱ्या सालीचा कुलू, फिकट खोडाचा हिवर. आणि भाद्रपद-आश्विनातला साग. तेव्हा सागावर एक अळी पडते, पानातला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या ठेवते. सेमाडोहच्या बाजूला असं पान सहज सापडतं. ते उन्हाकडे धरलं की मधली जाड शीर, तिला फुटलेल्या तिरप्या शिरा, त्यांना आडव्या जोडणाऱ्या बारीक शिरा आणि त्यांतले चौकोन, सगळं मोजता येतं. कुठे अळीने अर्धवट सोडलेला चौकोन असतो, तिथे करड्याची एक पातळ पापुद्र्याएवढी छटा येते. रंगीत फोटोत हे पान नुसतं वाळकं तपकिरी दिसतं आणि बघणारा पुढे जातो. असले फोटो आषाढासारख्या भरल्या आभाळाखाली काढू नयेत, पाठीमागून ऊन हवं. बाकी ओल्या पाल्याला मात्र ढगाळ उजेडासारखा उजेड नाही, कारण कडक उन्हात पानाचा तुकतुकीतपणा पांढरा चरका मारतो आणि खालचा पोत झाकतो.

पान पुन्हा पांढरं झालं ते 1910 मध्ये. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात झाडांचे फोटो काढले. आभाळ काळं, आणि झाडं बर्फ पडल्यासारखी. निरोगी पान हिरव्या उजेडातला दहा टक्क्यांच्या आसपास परत पाठवतं, तांबड्यातला त्याहून कमी. अवरक्तातला मात्र निम्म्याच्या घरात. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो उजेड इकडेतिकडे टोलवून बाहेर फेकतात.

1988 साली वऱ्हाडच्या झाडपाल्याच्या दृष्टीने तीन गोष्टी घडल्या. कांबळे आणि प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढला. तेव्हाच्या अकोल्यात वाशीमही होतं. ढोरे आणि जोशी यांचं मेळघाटच्या वनस्पतींवरचं पुस्तक व्याघ्र प्रकल्पाने काढलं. आणि 17 मार्चला आयआरएस-1ए हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्याला चार डोळे होते, निळा, हिरवा, तांबडा आणि अवरक्त; प्रत्येक डोळ्यातून येणारं चित्र काळं-पांढरंच. पडद्यावर जे रंग दिसतात ते नंतर भरलेले. आज नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्रासारख्या ठिकाणी पीकपाणी आणि जंगल अशाच चित्रांवरून वाचलं जातं, तांबड्यातलं पान किती काळं आणि अवरक्तातलं किती पांढरं यांचा हिशेब मांडून. पऱ्हाटीवर लाल्या रोग आला की पानातलं हरितद्रव्य घटतं, तांबड्यातला काळेपणा उतरतो. पुढे पान सुकत गेलं की अवरक्तातला पांढरेपणाही उतरायला लागतो. त्या उपग्रहाच्या सर्वांत बारीक नजरेत एक ठिपका 36 मीटरचा होता, म्हणजे साधारण तीन ठिपक्यांचा एक एकर.